दोन मिनिटांत दम लागतोय? मग आधी स्पीड कमी करा

पळायला सुरुवात करून आठ-दहा दिवसांत सोडून देणारे लोक आळशी असतात असं मला अजिबात वाटत नाही, आळशी माणूस पहाटे साडेपाचला ग्राउंडवर येतच नाही. बहुतेकांचं गणित एकाच ठिकाणी चुकतं, ते फार जोरात पळतात. शाळेत पळणं म्हणजे १०० मीटरची शर्यत, शिट्टी वाजली की सुटायचं, मोठं झाल्यावर पळणं म्हणजे सुटणारी लोकल नाहीतर एसटी पकडणं, त्यामुळे पळायचं म्हणजे जीव खाऊन पळायचं हे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की पस्तिशीत नवे बूट घालून गेलो तरी पाय त्याच स्पीडने सुटतात, दीड मिनिटात धाप लागते आणि घरी येऊन सांगतो की आपल्याला नाही बाबा जमत.

त्यातून ग्राउंडवर भरतीची पोरं असतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावं लागतं आणि तिथे लागलेल्या वेळेवर मार्क असतात, त्यामुळे ती पोरं वाऱ्यासारखी बाजूने जातात आणि त्यांच्याकडे बघून आपलाही स्पीड नकळत वाढतो. त्यांचं वय वेगळं, गरज वेगळी. तुम्हाला कोणी मार्क देणार नाहीये.

मग किती हळू पळायचं? पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. "काल झोपायला साडेबारा वाजले, तरी आज उठून आलो बघ" एवढं मधे न थांबता म्हणता आलं की स्पीड बरोबर. दोन-दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जास्त झालं. एकटे असाल तर सतराचा पाढा म्हणा, तो मुळातच येत नसेल तर बाराचा. हा स्पीड सुरुवातीला लाज वाटावी इतका कमी असतो, शेजारून भरभर चालणाऱ्या काकू तुम्हाला ओव्हरटेक करतील, करू देत.

आणखी एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही. पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यांनाच जड जातात, वर्षानुवर्षं पळणाऱ्यांनाही. आपण पळायला लागतो त्या क्षणी स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागायला लागतो पण हृदय आणि फुप्फुसांना त्या मागणीपर्यंत पोचायला दोन-तीन मिनिटं जातात, तोपर्यंत उधारीवर काम चालतं आणि म्हणून धाप लागते. नवीन माणूस नेमका याच वेळात थांबतो. म्हणून आधी पाच मिनिटं झपझप चालायचं, हात हलवत, आणि मगच पळायला लागायचं.

आता प्लॅन. नवीन काही शोधायची गरज नाही, जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसाने १९९६ मध्ये काऊच टू ५के (म्हणजे सोफ्यावरून उठून थेट पाच किलोमीटर पळण्यापर्यंत) नावाचा ९ आठवड्यांचा प्लॅन काढला, तो अजून चालतो. आठवड्यातून तीनच दिवस. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं चालून झालं की ६० सेकंद हळू पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं आलटून पालटून २० मिनिटं. बस. मोबाईलवर यासाठी फुकट अ‍ॅप मिळतात, ते कानात सांगतं आता पळ आता चाल, घड्याळ बघायला लागत नाही. पळायचा वेळ हळूहळू वाढत जातो आणि पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी एकदम सलग २० मिनिटं पळायला सांगतात, तिथे भलेभले घाबरतात, कारण आदल्या वेळी फक्त आठ-आठ मिनिटांचे दोन तुकडे असतात. तो दिवस जातो बरं का, फक्त नेहमीपेक्षाही हळू पळा. नाहीच गेला तर तो आठवडा परत करा. ९ आठवड्यांचं काम १५ आठवड्यांत झालं म्हणून कोणी दंड लावत नाही.

मधे चाललो तर ते पळणं नाही असं म्हणणारा एक तरी शहाणा ग्रुपमध्ये असतोच. त्याला सांगा की जेफ गॅलोवे हा १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर पळालेला माणूस, आणि त्यानेच पुढे लोकांना अख्खी मॅरेथॉन मधे मधे चालत पूर्ण करायला शिकवलं.

तीनच दिवस का, तर स्टॅमिना लवकर वाढतो पण हाडं आणि स्नायूबंध मजबूत व्हायला महिने लागतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एकदम हुरूप येतो, रोज जावंसं वाटतं, आणि नडगी दुखायला लागते ती नेमकी तेव्हाच. मधल्या दिवशी चाला, सायकल मारा, काहीही करा पण पळू नका. मांड्या-पोटऱ्या भरून आल्या, जिना उतरताना आई गं झालं, तर ते नॉर्मल आहे, दोन दिवसांत जातं. पण नडगीच्या हाडावर किंवा गुडघ्यात एका बोटाने दाखवता येईल अशी एकाच जागी कळ असेल आणि पळताना ती वाढत असेल तर सरळ थांबा, "पळूनच मोकळं होईल" हा सल्ला ज्याने दिला त्याला फिजिओची फी भरायला सांगा. बीपी, शुगर, हृदयाचं काही असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच घाम गाळणार असाल तर आधी डॉक्टरला विचारून घ्या, आणि पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तो दिवस हिमतीने पूर्ण करायचा नसतो.

श्वास फक्त नाकानेच घ्यायचा असं पार्कातले काका सांगतील. नाकाने घ्या, तोंडाने घ्या, दोन्हीने घ्या, हवा आत गेली पाहिजे. बरगडीखाली चमक भरली तर स्पीड उतरवा आणि लांब श्वास सोडा, जाते. भरपेट खाऊन पळू नका, निघायच्या आधी एखादं वेलची केळं पुष्कळ झालं.

खर्च करायचाच तर बुटांवर करा, बाकी जुना टी-शर्ट चालतो, बायकांनी मात्र स्पोर्ट्स ब्रा चांगली घ्या, तिथे काटकसर नको. बूट संध्याकाळी घ्यायला जा कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहील असा नंबर घ्या. महागडाच पाहिजे असं काही नाही. मांड्या घासत असतील तर निघताना व्हॅसलिन लावा, हे लाजून कोणी बोलत नाही आणि मग आठवडाभर फेंगडं चालावं लागतं.

जागेचं म्हणाल तर मातीचं ग्राउंड मिळालं तर सोनं, पुण्यात तळजाई आहे, मुंबईत शिवाजी पार्कला कट्ट्याच्या कडेने फेऱ्या मारता येतात, नाशिकला गोल्फ क्लबचं ग्राउंड आहे. नसेल तर सोसायटीतल्या फेऱ्या. कुत्रं मागे लागलं तर पळायचं नाही, थांबायचं आणि चालायला लागायचं, पळणाऱ्याच्याच मागे ते जास्त लागतं.

टार्गेट पाहिजेच असेल तर छोटं ठेवा. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ड्रीम रन असते, सहा किलोमीटरच्या आसपास, टायमिंग वगैरे काही नाही, चालत गेलात तरी चालतं. मित्राचा साताऱ्याच्या घाटातला मेडल घातलेला फोटो बघून मात्र लगेच नाव नोंदवू नका, ती हाफ मॅरेथॉन आहे, २१ किलोमीटर, आणि त्यातला बराचसा चढ. पुढच्या वर्षी बघू.

आणि पावसाळ्यात सुट्टी घेऊ नका, उलट मे महिन्यापेक्षा जुलैत पळणं कितीतरी सोपं जातं, ऊन नाही ना. शेवाळलेल्या फरशीवरून जाऊ नका, एवढंच. बूट भिजले तर आतला सोल बाहेर काढायचा, बुटात पेपरचे बोळे कोंबायचे, तासाभराने बदलायचे आणि रात्रभर पंख्याखाली ठेवायचे, गॅसजवळ किंवा कडक उन्हात ठेवलेत तर डिंक सुटतो आणि तळवा हातात येतो.