दुवा टाकणं सोपं, जिवंत ठेवणं अवघड

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर आहे. ऑनलाइन पुस्तकाची मार्क नोंद (क्रमांक दिलेल्या क्षेत्रांची, संगणकाला वाचता येणारी सूचीनोंद) करताना शीर्षक २४५ या क्षेत्रात, दुवा ८५६ च्या ‘यू’ उपक्षेत्रात टाका. डीओआय किंवा हँडल (न बदलणारा, कायमचा दुवा) असेल तर तेच घ्या. ब्राउझरच्या पट्टीतला लांबलचक पत्ता अनेकदा लॉगिन संपलं की मरतो. मी आधी तोच चिकटवायचे, मग काउंटरवर रोज, "मॅडम, उघडत नाही!" ‘मोफत’ की ‘फक्त कॉलेजच्या नेटवर्कवर’, हे ८५६ च्याच ‘झेड’ उपक्षेत्रात सरळ मराठीत लिहा.

दर तिमाहीला दुवे तपासा. कोहाची स्क्रिप्ट ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’, हे पकडते, पण पान उघडून आत भलतीच जाहिरात निघाली तर ते डोळ्यांनीच दिसतं. मेलेल्या दुव्याची नोंद लगेच पुसू नका, आधी वेबॅक मशीन या जुनी वेबपानं जपणाऱ्या साइटवर जुनी प्रत शोधा.