ताकद वाढत नाहीये? वजन निवडताना या चुका टाळा

सहा महिने एकही दिवस न चुकवता जिम केली, हात भरले, पण बेंच प्रेस ५० किलोवरच अडकलंय. मुलं हे सांगतात तेव्हा मी आधी त्यांचा एक सेट, म्हणजे न थांबता केलेली एक फेरी, बघतो. बहुतेकदा मेहनत कमी नसते, वजन चुकलेलं असतं.

हलकं वजन घेणारे पंधरा रेप्स (म्हणजे पंधरा वेळा उचलणं) झाल्या की गप्पा मारत रॉड ठेवतात. अजून दहा सहज निघाल्या असत्या! अमेरिकेत ब्रॅड शॉनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये, आधीपासून व्यायाम करणाऱ्या पुरुषांवरचा आठ आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला ८ ते १२ रेप्स निघतील असं जड वजन, दुसऱ्याला २५ ते ३५ निघतील असं हलकं. दोघांनीही प्रत्येक सेट पुढची रेप निघेना इथपर्यंत नेला. स्नायू जवळपास सारखेच वाढले. पण स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन मारायच्या बैठकीत, एकदाच उचलता येणारं वजन जड गटात सुमारे २० टक्के वाढलं, हलक्या गटात जेमतेम ९.

हलक्या वजनात सुरुवातीला स्नायूंचे थोडेच तंतू कामाला लागतात. मोठे, ताकदवान तंतू सेट कठीण झाल्यावर जागे होतात. रॉड अर्ध्यात मंदावतो, कोपर थरथरतात, तिथून पुढच्या रेप्स कामाच्या. स्नायू त्यानं वाढेल, पण जड उचलायचं तर मज्जासंस्थेलाही जड वजनाचीच सवय लागते. आखाड्यातल्या शेकडो बैठकांनी दम जबरदस्त येतो, म्हणून १०० किलोचा स्क्वॉट आपोआप निघत नाही.

आता उलटी चूक. जड म्हणजे पार्टनरनं अर्धं उचलून दिलेलं वजन नव्हे. ताकदीसाठी ३ ते ५ रेप्सचे सेट घ्या, पूर्ण खालपर्यंत जा, आणखी एखादी रेप निघेल एवढा दम राखून थांबा. दोन सेटमध्ये तीन मिनिटं बसा. लाज वाटायचं कारण नाही, मिनिटभरात उठलात तर पुढचा सेट फुकट जातो. वाढवताना दोन्ही बाजूंना सव्वा किलोची प्लेट पुरते, थेट दहा किलोची उडी नको.

नवीन असाल तर आधी काही आठवडे हलक्या वजनावर फॉर्म, म्हणजे उचलायची योग्य पद्धत, बसवा. रक्तदाब असेल तर जड सेटआधी डॉक्टरांना विचाराच, कारण श्वास रोखून जोर लावला की तो झपकन चढतो.