लॅबमधलं प्रशिक्षण वाया का जातं? या चुका टाळा

मे महिना, दुपारचे अडीच. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या रुग्णालयात मी तेव्हा लॅब टेक्निशियन होतो. साठीच्या एका बाबांचं पोटॅशियम आलं ८.९. रिपोर्ट फोनवर सांगितल्याबरोबर वॉर्डात धावपळ झाली, डॉक्टरांनी ईसीजी काढला. ईसीजी अगदी नॉर्मल. बाबा खाटेवर बसून चहा पीत होते.

मी तोच नमुना पुन्हा लावला, आकडा तोच. मग त्याच नळीतून कॅल्शियम लावलं, ते आलं ४.२. अल्कलाइन फॉस्फटेज हे रक्तातलं एन्झाइम जवळजवळ नाहीच. हे तीन आकडे एकत्र दिसले की एकाच गोष्टीचा संशय घ्यायचा असतो : लाल टोपणाच्या नळीत जांभळ्या नळीतलं रक्त गेलंय. जांभळ्या नळीतलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, हे पोटॅशियमचं मीठ असतं, म्हणून पोटॅशियम वाढतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणून कॅल्शियम पडतं. फॉस्फटेजला लागणारं झिंक आणि मॅग्नेशियमही तेच अडवतं.

नमुने आणणाऱ्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "लाल नळीत रक्त कमी आलं होतं नं सर, म्हून जांभळीतलं थोडं ओतलं. दोन्ही त्याच बाबांचं तर होतं!"

मावशींची नोकरी तेव्हा चौदा वर्षांची होती. त्यांचा विचार चुकीचा नव्हता, रक्त खरंच एकाच माणसाचं होतं. नळीच्या तळाशी औषध असतं आणि प्रत्येक रंगाचं औषध वेगळं असतं, एवढी एकच गोष्ट चौदा वर्षांत त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्या काळात आमच्याकडे तीन प्रशिक्षणं झाली होती. तिन्हींना आम्ही टेक्निशियनच गेलो होतो.

मावशी, मामा आणि मोटारसायकलवाला यांना बाहेर ठेवणं

माझ्या मते ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. लॅबमध्ये मशीन चालवणाऱ्यालाच शिकवायचं असतं, हा समज अजून गेलेला नाही. रिपोर्ट चुकतो तो बहुतेक वेळा नमुना मशीनपर्यंत येण्याआधी. रक्त काढताना, नाव लिहिताना, नळी हलवताना, डबा नेताना. ही कामं ज्यांच्या हातात आहेत त्यांना आपण 'सपोर्ट स्टाफ' म्हणतो आणि प्रशिक्षणाच्या यादीतून वगळतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने आणणाऱ्या पोराचं बघा. उन्हात तास-दीड तास गाडीवर डबा, त्यात बर्फाची पिशवी आहे की नाही कुणी पाहत नाही. साध्या नळीत पेशी वेगळ्या न करता रक्त ठेवलं तर खोलीच्या तापमानालासुद्धा साखर तासाला सुमारे ५ ते ७ टक्के कमी होत जाते, उन्हात त्याहून जास्त. राखाडी टोपणाच्या नळीतलं फ्लोराइड ही घट थांबवतं, पण त्यालाही पूर्ण लागू व्हायला तास-दोन तास लागतात. म्हणून नळी राखाडी असली तरी डबा थंड हवाच. हे त्या पोराला समजावलं की तो स्वतःहून बर्फ मागतो. नुसतं "बर्फ ठेव" म्हटलं की दुसऱ्या आठवड्यात विसरतो.

कायदाही हेच सांगतो. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला रुजू होताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यावं लागतं. त्यात टेक्निशियन आणि मावशी असा भेद नाही.

नळ्यांचा क्रम शिकवायचा तर फळ्यावर लिहून उपयोग नाही. रिकाम्या नळ्या हातात द्या आणि रांगेत लावायला सांगा : आधी कल्चरची बाटली, मग निळी, लाल, हिरवी, जांभळी, शेवटी राखाडी. मग विचारा, "जांभळी लालच्या आधी घेतली तर काय होईल?" वरची पोटॅशियमची गोष्ट सांगा. अशी गोष्ट माणूस विसरत नाही.

सर्टिफिकेट फाईलला, हात जुनाच

जिल्ह्याच्या ठिकाणी एक दिवसाची कार्यशाळा होते. सकाळी नोंदणी, दुपारी जेवण, संध्याकाळी फोटो आणि सर्टिफिकेट. दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळं पूर्वीसारखंच. यात शिकणाऱ्याचा दोष कमी असतो. परत आल्यावर त्याला कुणी विचारतच नाही की बाबा, काय नवीन शिकलास, करून दाखव.

आमच्याकडे मी एक साधी रीत लावली. जो प्रशिक्षणाला जाईल त्याने आठ दिवसांत एक गोष्ट टेबलावर बदलून दाखवायची आणि बाकीच्यांना ती शिकवायची. एक मुलगा पिपेटचं शिकून आला. त्याने दुसऱ्या दिवशी तोलकाट्यावर छोटा बीकर ठेवला, १००० मायक्रोलिटरच्या पिपेटने दहा वेळा पाणी टाकलं आणि प्रत्येक वेळचं वजन लिहिलं. १००० मायक्रोलिटर पाणी म्हणजे जवळपास १ ग्रॅम. आमची पिपेट दर वेळी ०.९६ च्या आसपास देत होती. चार टक्के कमी, आणि ती आम्ही वर्षभर रोज वापरत होतो! त्या दिवसापासून दर तीन महिन्यांनी वजन होतं आणि तारीख वहीत जाते.

ही वहीसुद्धा महत्त्वाची आहे. कोण काय शिकलं, कुणासमोर करून दाखवलं, पुन्हा कधी तपासायचं, हे लिहिलेलं नसेल तर एनएबीएलच्या (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या) तपासणीत दाखवायला काही राहत नाही. आयएसओ १५१८९ या मानकात कर्मचाऱ्यांची क्षमता तपासणं आणि त्यांचं सततचं शिक्षण, दोन्हींची अट आहे. तपासणी नसली तरी वही ठेवा. नोकरी बदलताना सर्टिफिकेटच्या गठ्ठ्यापेक्षा अशी वही जास्त बोलते.

मशीनची बटणं शिकणं, मशीन न शिकणं

नवीन ॲनालायझर येतो, कंपनीचा माणूस दोन दिवस थांबतो, हिरवं बटण, लाल बटण दाखवतो आणि जातो. पंधरा दिवसांनी कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नमुना, मर्यादेबाहेर जातो. मग आपण काय करतो? पुन्हा लावतो. पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा आत आला की सुटकेचा श्वास सोडून रिपोर्ट द्यायला लागतो.

कृपा करून हे थांबवा. सगळं ठीक असतानाही सरासरीपासून दोन एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) मर्यादेबाहेर वीसातला साधारण एक आकडा जातोच. त्यामुळे एकदा बाहेर गेला म्हणजे बिघाड असं नाही. पण बिघाड असतानाही पुन्हा पुन्हा लावत राहिलं तर कधीतरी एक आकडा आत येतोच आणि बिघाड झाकला जातो. कंट्रोलचे रोजचे आकडे मांडलेला लेव्ही-जेनिंग्ज चार्ट समोर ठेवून विचार करायला शिका. एकच आकडा तीन एसडीबाहेर किंवा लागोपाठ दोन आकडे एकाच बाजूला दोन एसडीबाहेर, की थांबायचं. दहा आकडे ओळीने सरासरीच्या एकाच बाजूला असतील तर मर्यादेत असले तरी काहीतरी सरकलंय.

मग शोधायचं कसं? आधी बघा, किती तपासण्या बिघडल्यात.

सगळ्याच एका दिशेने गेल्या असतील तर बहुधा कंट्रोल तयार करताना चूक झालीय. पावडरच्या बाटलीत ५ मिली पाणी घालायचं होतं, कुणीतरी अंदाजे घातलं, किंवा पूर्ण विरघळायच्या आत वापरलं. बाटली जोरात हलवू नका, हळू फिरवा आणि कंपनीने सांगितलेला वेळ थांबा.

एकच तपासणी बिघडली असेल तर रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) लॉट, उघडल्याची तारीख आणि कॅलिब्रेशन बघा. आणि फ्रीजची नोंदवही. रात्री लाइट गेली होती का? आपल्याकडे हा प्रश्न आधी विचारायचा. रिएजंट २ ते ८ अंशांत राहिलं की नाही, हे सकाळी फ्रीज थंड लागला म्हणून कळत नाही.

युरिया, एसजीओटी, एसजीपीटी एकदम डळमळायला लागले आणि ग्लुकोज, कोलेस्टेरॉल ठीक असतील तर मशीनमधला दिवा तपासा. या तिन्ही तपासण्या बहुधा ३४० नॅनोमीटरवर वाचल्या जातात आणि जुना झालेला दिवा सगळ्यात आधी त्याच टोकाला मंदावतो. मी दोनदा इंजिनिअरची वाट पाहत तीन-तीन दिवस घालवले आणि दोन्ही वेळा दिवाच निघाला.

कॅल्शियम-मॅग्नेशियम चढायला लागलं तर पाणी बघा. आपल्या भागात बोअरचं पाणी जड, त्यात क्षार भरपूर. उन्हाळ्यात टँकर बदलला की पाणीही बदलतं आणि डीआय प्लांटचं (पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राचं) काडतूस लवकर संपतं. तारीख बघून नाही, वाहकतेचा आकडा बघून काडतूस बदला.

हे सगळं मामांनाही सांगा. पाण्याचा प्लांट रोज तेच बघतात.

रागावण्याने चूक लपते

नळी फुटली, नावं अदलाबदल झाली, सुई टोचली. आपल्याकडे पहिली प्रतिक्रिया ओरडण्याची असते. मग पुढची चूक कुणी सांगत नाही. नावांची अदलाबदल लपली तर दुसऱ्याच माणसाचा रिपोर्ट एखाद्याच्या हातात जातो.

सुईचं तर फार गंभीर. सुई टोचलेल्या माणसाला लगेच साबण-पाण्याने धुवायला लावा, जखम पिळू देऊ नका आणि ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग राहत नाही, आणि ते २८ दिवस घ्यावं लागतं. संध्याकाळी घरी जाऊन विचार करण्याइतका वेळ यात नसतो.

हिपॅटायटिस बी ची लस घेतली का, असं विचारलं की सगळे हो म्हणतात. किती डोस, हे विचारा. ०, १ आणि ६ महिने, असे तीन. तिसरा बहुतेकांचा राहिलेला असतो. तिसऱ्यानंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या संरक्षक प्रतिपिंडांची तपासणी, करून घ्या, तो किमान १० mIU/ml हवा.

एसओपी इंग्रजीत, काम मराठीत

कपाटातली एसओपीची, म्हणजे कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीची, जाड फाईल कुणी वाचत नाही, कारण ती कामाच्या भाषेत नाही. एसओपी इंग्रजीतच हवी असा नियम नाही. टेबलाजवळ एक पान लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, जे काम करतात त्यांच्याच शब्दांत. आमच्या पानावर "इन्व्हर्ट जेंटली" च्या जागी मावशींनीच सांगितलेलं वाक्य आहे : "नळी आठ-दहा वेळा हळू उलटी-सुलटी करायची, ताकासारखी घुसळायची नाही." ते लावल्यापासून फुटलेल्या पेशींमुळे परत पाठवावे लागणारे नमुने आमच्याकडे डोळ्यांना दिसावेत इतके कमी झाले.

पुढे शिकायचंय त्यांच्यासाठी थोडं

लॅब अटेंडंट म्हणून लागलेली कितीतरी मुलं डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करायला बघतात, आणि करावंच. फक्त फी भरण्याआधी त्या संस्थेला मान्यता आहे का आणि तिथून शिकल्यावर महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, हे कागदावर बघा, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने लॅबचं क्षेत्रही संलग्न आरोग्य व्यवसायांत आलंय, त्यामुळे नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार. ज्यांची डीएमएलटी झालीय पण नोंदणी 'नंतर बघू' म्हणून राहिलीय, त्यांनी याच महिन्यात अर्ज करा. केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर शिकायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची तरच फी.

त्या मावशी पुढच्या वर्षी निवृत्त होतील. गेल्या आठवड्यात नवीन लागलेल्या पोरीला त्या रिकाम्या नळ्या टेबलावर मांडून दाखवत होत्या. पोरीने जांभळी उचलून लालच्या आधी ठेवली. मावशींनी ती परत जागेवर ठेवली आणि म्हणाल्या, "बस इथं, तुला एका बाबाची गोष्ट सांगते."