निर्बंधांचा फटका कोणत्या पार्टला बसेल, हे बीओएममधून (उत्पादनातल्या सुट्या पार्टच्या यादीतून) कसं ओळखायचं

चिप्सवरचे निर्बंध म्हटलं की एआयच्या महागड्या प्रोसेसरचीच चर्चा होते. ७ ऑक्टोबर २०२२ च्या चीनवरच्या अमेरिकी नियमांचा रोख तिकडेच होता: १६/१४ नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक फिनफेट लॉजिक, १२८ किंवा जास्त थरांची नँड मेमरी, १८ नॅनोमीटर आणि त्याखालची डीरॅम. ईसीयू (गाडीतला कंट्रोलर), मीटर किंवा चार्जर बनवणाऱ्याची लाइन मात्र अडते ती किरकोळ डायोडवर.

नेक्सपेरियाचं प्रकरण त्यासाठी नीट समजून घ्या. कंपनी डच, वेफर (चिप्स ज्यातून कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या) हॅम्बर्ग आणि मँचेस्टरचे, मालक चीनची विंगटेक. विंगटेक डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंटिटी लिस्टवर (परवान्याशिवाय अमेरिकी माल देता येत नाही अशा कंपन्यांच्या यादीवर) गेली. २९ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेने अशा कंपन्यांची ५० टक्के किंवा जास्त मालकी असलेल्या उपकंपन्यांनाही तोच नियम लावला. दुसऱ्याच दिवशी डच सरकारने जुना आणीबाणीचा कायदा वापरून कंपनीच्या निर्णयांवर नियंत्रण आणलं आणि ४ ऑक्टोबरला चीनने तिथून बाहेर जाणारा माल अडवला. जवळपास ७० टक्के मालाचं पॅकेजिंग (चिप कापून आवरणात बसवणं) चीनमधल्या डोंगगुआनला होत असल्याने युरोपात वेफर तयार असूनही गाड्यांचे कारखाने अडचणीत आले. पुढे नोव्हेंबरमध्ये चीनने नागरी वापराच्या मालाला सवलत दिली, अमेरिकेने ५० टक्क्यांचा नियम वर्षभर स्थगित केला आणि डच सरकारनेही आपला आदेश थांबवला. तरी खरेदी विभागाने हे प्रकरण मिटलं असं समजू नये.

आता आपली बीओएम उघडा. डिस्ट्रिब्युटरचा कोड नको, उत्पादकाचा पूर्ण पार्ट नंबर हवा, शेवटच्या अक्षरांसकट. त्यापुढे तीन रकाने वाढवा: वेफर कुठे बनतो, पॅकेजिंग-टेस्टिंग कुठे होतं, अंतिम मालक कोण. रीलच्या लेबलवर ‘४एल’ या खुणेपुढे मूळ देशाचा दोन अक्षरी कोड असतो, पण त्यावरून एकच टप्पा कळतो. दुसरा टप्पा उत्पादकाकडून लेखी मागवा. त्याच पत्रात ईसीसीएन क्रमांकही (अमेरिकेच्या निर्यात नियंत्रणातला वर्ग) विचारा. तिन्ही रकान्यांत मिळून एकच देश दोनदा आला, किंवा मालक आणि पॅकेजिंगचा देश एकमेकांशी भांडणाऱ्या गटांतले असले, तर तो पार्ट लाल करा. महाग आयसीपासून सुरुवात करू नका. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. आधी एकच उत्पादक मंजूर असलेले एसओटी-२३ या तीन पायांच्या छोट्या पॅकेजमधले डायोड, ट्रान्झिस्टर, मॉस्फेट तपासा.

पर्याय शोधताना फूटप्रिंट (बोर्डवर बसायची जागा) जुळला म्हणजे काम झालं, ही सर्वांत महागात पडणारी समजूत. कॅन बसवरच्या (गाडीतले कंट्रोलर जोडणाऱ्या तारांवरच्या) नेक्सपेरियाच्या पीईएसडी१कॅन या संरक्षक डायोडऐवजी ऑनसेमीचा एनयूपी२१०५एल बसतो. दोन्ही २४ व्होल्टचे, पिनाही जुळतात. पण पहिल्याचं कपॅसिटन्स सुमारे ११ पिकोफॅरड, दुसऱ्याचं कमाल ३०. साध्या कॅनवर फरक जाणवत नाही. कॅन एफडी (कॅनची वेगवान आवृत्ती) ५ एमबीपीएसवर चालवा, सिग्नलच्या कडा गोलावतात आणि एरर फ्रेम येऊ शकतात. तसंच बीएसएस१३८ या मॉस्फेटच्या जागी २एन७००२ टाकला तर थ्रेशोल्ड (चालू व्हायला सुरुवात होते तो व्होल्टेज) २.५ व्होल्टपर्यंत असू शकतो, त्यामुळे ३.३ व्होल्टच्या कंट्रोलरवर तो अर्धवटच चालू होतो. टेबलावरचा नमुना पास होतो, लाइनवर काही बोर्ड पडतात. वाहनासाठी माल असेल तर एईसी-क्यू१०१ (वाहनांतल्या डायोड-ट्रान्झिस्टरसाठीचं चाचणी मानक) पात्रतेचाच कोड घ्या. ऑनसेमीच्या या डायोडला त्यासाठी पुढे ‘एसझेड’ लागतं.

साठा किती ठेवायचा? ‘तीन महिन्यांचा’ हे उत्तर अंदाजपंचे आहे. ग्राहकाची पीपीएपी मंजुरी (नवा पार्ट वापरण्याआधी घ्यावी लागणारी) आणि पर्यायी पार्टचा लीड टाइम (ऑर्डरपासून माल येईपर्यंतचा काळ), एवढा काळ भरून निघायला हवा. समजा मंजुरीला १४ आठवडे, लीड टाइम १२, आठवड्याला २,००० बोर्ड आणि प्रत्येकावर २ नग: २६ × ४,००० म्हणजे १,०४,००० नग, ३,००० च्या ३५ रील. मंजुरी आत्ताच घेऊन ठेवली तर ४८,००० नगांवर, म्हणजे १६ रीलवर, भागतं. कागदाचं काम साठ्यापेक्षा स्वस्त पडतं ते असं.

टंचाईत ब्रोकरकडून घेणं भाग पडलंच, तर अॅसिटोनने वरचा छाप पुसून पाहा, खात्रीच्या नगाबरोबर एक्स-रे काढून आतला डाय (सिलिकॉनचा तुकडा) ताडून पाहा आणि एकाच रीलवर दोन लॉट तर नाहीत ना हे बघा. नेक्सपेरियाच्या मुख्यालयाने १३ ऑक्टोबर २०२५ पासून चिनी प्रकल्पातून गेलेल्या मालाच्या दर्जाची हमी नाकारली होती. त्यामुळे तिथल्या मालावर डेट कोड २५४२ (२०२५ चा ४२ वा आठवडा) किंवा त्यापुढचा असेल तर इनकमिंग तपासणी कडक ठेवा.

निर्यात करणाऱ्यांनी उलट बाजूही सांभाळायची. ८५४२.३१, .३२, .३३ आणि .३९ या चार एचएस कोडखालचे (सीमाशुल्काच्या क्रमांकांखालचे) आयसी रशियाकडे वळू नयेत म्हणून पाश्चात्त्य देश ज्या मालावर नजर ठेवतात त्या यादीच्या पहिल्या श्रेणीत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेने काही भारतीय कंपन्यांवरही निर्बंध घातले. नवा परदेशी ग्राहक किंमत न विचारता आगाऊ पैसे देत असेल आणि माल तिसऱ्याच देशात पाठवा म्हणत असेल, तर अंतिम वापरकर्त्याचं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत डिस्पॅच थांबवा.