मराठी मीडियममधून अकरावी सायन्सला आलात? कोव्हॅलंट कंपाउंडची नावं पाठ करत बसू नका

दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि अकरावीला एकदम सगळं इंग्लिशमधून, असे जे कोणी यंदा सायन्सला आलेत त्यांच्यासाठी लिहितेय. मी पण तशीच आले, पुढे केमिस्ट्रीत बीएस्सी केलं, आता अकरावीच्या मुलांना शिकवते आणि दर वर्षी बघते की पोरं नावांची यादी घेऊन घोकंपट्टी करत बसतात. खरंच गरज नाही त्याची.

फॉर्म्युला दिसला की आधी बघायचं, पहिलं मूलद्रव्य धातू आहे का अधातू. सीए सीएल टू म्हणजे नुसतं कॅल्शियम क्लोराइड, तिथे डाय लावायचं नाही, कारण कॅल्शियम दोन इलेक्ट्रॉन देणार आणि क्लोरीन एकच घेणार, दुसरं प्रमाण होतच नाही. पण दोन्ही अधातू असले, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारं कोव्हॅलंट कंपाउंड असलं, की तसं नसतं. नायट्रोजन आणि ऑक्सिजनच घ्या ना, एन टू ओ, एनओ, एनओ टू, एन टू ओ थ्री, एन टू ओ फोर, एन टू ओ फाइव्ह, एवढी सगळी कंपाउंड्स त्या दोघांचीच, मग नुसतं नायट्रोजन ऑक्साइड म्हटलं तर कळणार कसं कुठलं? एनओ टू तपकिरी गॅस आहे, एन टू ओ म्हणजे डायनायट्रोजन मोनोक्साइड भूल द्यायला वापरतात आणि एन टू ओ फोर, डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड, इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनात इंधन जाळायला लागतं. म्हणून मोनो, डाय, ट्राय, टेट्रा हे आकडे नावात येतात. पहिल्या मूलद्रव्याला मोनो लावत नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

आधी नाव साधारणपणे कमी इलेक्ट्रोनेगेटिव्ह असलेल्याचं, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणाऱ्याचं. फ्लोरीन सगळ्यात वरचढ, म्हणून ओएफ टू हे ऑक्सिजन डायफ्लोराइड, पण क्लोरीनबरोबर ऑक्सिजनचं नाव नंतर येतं, सीएल टू ओ म्हणजे डायक्लोरीन मोनोक्साइड. पाणी, अमोनिया यांची जुनी नावंच चालतात. आणि लॅबमधल्या बाटलीवर फॉस्फरस पेंटॉक्साइड लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, रेणू पी फोर ओ टेन आहे, नाव जुन्या साध्या फॉर्म्युल्यावरून पडलंय.

बाँडिंगसाठी मात्र वहीत बाहेरच्या कक्षेतल्या इलेक्ट्रॉनचे ठिपके काढायलाच हवेत, नुसतं वाचून नाही जमत. कार्बन डायऑक्साइड घ्या. कार्बनचे 4, दोन ऑक्सिजनचे 6 आणि 6, एकूण 16. कार्बन मधे, दोन्हीकडे एकेरी बंध, त्यात 4 गेले. उरलेले 12 ऑक्सिजनना वाटले की त्यांची अष्टकं, म्हणजे भोवतीचे 8 इलेक्ट्रॉन, पूर्ण होतात पण कार्बनकडे 4च राहतात, मग प्रत्येक ऑक्सिजनची एक जोडी मधे सरकवायची की दोन्हीकडे दुहेरी बंध तयार आणि सगळ्यांची 8 पूर्ण. असंच नायट्रोजनच्या रेणूचं करून बघा, तिहेरी बंध आपोआप येतो.

मग एनओ काढा. 5 आणि 6, बेरीज 11, विषम, एक इलेक्ट्रॉन एकटाच राहणार, रेणू खरंच तसाच असतो. 8चा नियम न पाळणारे आणखी दोन, बीएफ थ्रीमधे बोरॉनकडे 6च, एसएफ सिक्समधे सल्फरभोवती 12. हे तिन्ही सीईटीच्या अभ्यासाला बसण्याआधी स्वतःच्या हाताने काढून ठेवा, तयार आकृती बघून नाही.