नवे ग्राफिक्स कार्ड, जुना संगणक आणि न येणारा डिस्प्ले

जुन्या संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण डिस्प्ले येत नाही, तेव्हा पहिला संशय कार्डावर जातो. प्रत्यक्षात कार्ड बहुधा ठणठणीत असते आणि अडचण मॉनिटरची केबल, वीजपुरवठा किंवा बायोस (संगणक सुरू करणारी मदरबोर्डवरील मूळ प्रणाली) यांपैकी कोठेतरी असते. तपासणी याच क्रमाने करावी आणि एका वेळी एकच बदल करावा.

केबल मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्याच पोर्टमध्ये लावलेली आहे ना, हे आधी पाहावे. ही चूक वाटते त्यापेक्षा फार वेळा होते. मॉनिटर जुना, केवळ व्हीजीए हे ॲनालॉग पोर्ट असलेला असेल, तर साधा जोड चालत नाही, कारण आजची कार्डे ॲनालॉग सिग्नल देतच नाहीत. त्यासाठी सिग्नलचे रूपांतर करणारा ॲक्टिव्ह कन्व्हर्टर लागतो. स्लॉटची चिंता मात्र फारशी नको. पीसीआय एक्सप्रेस या स्लॉटच्या मानकाच्या पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात आणि काम कमी वेगाच्या बाजूने चालते. रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या केवळ चार लेन (डेटाच्या मार्गिका) वापरणाऱ्या कार्डांना तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये याचा फटका जाणवतो, पण त्यामुळे पडदा काळा राहत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, ठळक छापलेल्या एकूण वॉटपेक्षा लेबलावरील १२ व्होल्टचे अँपिअर पाहावेत. त्या आकड्याला १२ ने गुणले की त्या बाजूची खरी क्षमता कळते, आणि त्यातूनच प्रोसेसरचीही गरज भागवायची असते. प्रोसेसरची आठ पिनांची केबल कार्डाच्या केबलसारखी दिसली तरी तिची रचना वेगळी असते, म्हणून ती जोर लावून बसवू नये. दुसऱ्या एसएमपीएसची सुटी केबल तर मुळीच वापरू नये, कारण पिनांचा क्रम वेगळा निघाल्यास कार्ड जळू शकते.

एवढे करूनही पडदा काळाच राहिला, तर बायोसकडे वळावे. खरा गुंता येथेच असतो. जुने मदरबोर्ड पारंपरिक बायोस पद्धतीने सुरू होतात, तर नवी कार्डे यूईएफआय ही त्याची नवी पद्धत गृहीत धरून बनवलेली असतात. अशा वेळी नवे कार्ड काढून जुन्या कार्डावर किंवा मदरबोर्डच्या अंगच्या ग्राफिक्सवर संगणक सुरू करावा, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्या नेमक्या मॉडेलचा सर्वांत नवा बायोस घ्यावा आणि वीज जाणार नाही अशा वेळीच तो भरावा, कारण मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यानंतर सीएसएम हा, यूईएफआयमध्ये जुनी बायोस पद्धत चालवणारा पर्याय बंद करायचा असतो, पण घाई नको: विंडोज एमबीआर या जुन्या विभागणी पद्धतीच्या डिस्कवर असेल, तर सीएसएम बंद करताच ती सुरू होणार नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआरटूजीपीटी हे डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारे साधन सोबतच येते. महत्त्वाच्या फायलींची प्रत काढून, त्याच साधनाची तपासणी यशस्वी झाल्यावर मगच डिस्कचे रूपांतर करावे. बोर्डावर यूईएफआय मुळातच नसेल, तर सेटिंग चाळत बसण्यात अर्थ नाही.

इंटेल आर्क कार्डांना रीसायझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय लागते. ती नसलेल्या संगणकात डिस्प्ले येतो, पण वेग बराच घटतो, आणि तो दोष ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) समजून लोक विनाकारण विंडोज पुन्हा टाकतात.

डिस्प्ले आला, पण चित्र ढोबळच राहिले, तर आधीच्या कार्डाचा ड्रायव्हर सेफ मोडमध्ये (विंडोज मोजक्या ड्रायव्हरवर सुरू करून) काढून नवा टाकावा. एनव्हिडियाने ३२ बिट विंडोजसाठी नवे ड्रायव्हर देणे २०१८ मध्येच थांबवले आहे, त्यामुळे तेथे आधी ६४ बिट विंडोज टाकण्यावाचून पर्याय नसतो.