जुनी बॅटरी द्यायला निघण्यापूर्वी

गेल्या खेपेला गाडीची जुनी बॅटरी डिकीत गोणपाटावर नुसती ठेवली आणि निघालो. वाटेत एका स्पीडब्रेकरला ती आडवी झाली, आणि मला ते कळलं दुकानासमोर डिकी उघडल्यावर. दोन दिवसांनी गोणपाट उचलायला गेलो तर ओल्या पापडासारखा त्याचा तुकडा हातात आला. खाली पत्र्यावरचा रंग फुगला होता. म्हणून यादीतलं सगळ्यांत महत्त्वाचं आधीच सांगतो: बॅटरी उभी ठेवा आणि उभीच बांधा.

निघण्याआधी नवी बॅटरी घेणार त्या दुकानाला फोन करा. जुनी घेता का आणि तिचे किती कमी कराल, एवढंच विचारा. बहुतेक जण घेतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपल्या वाट्याला एवढंच येतं, की ती घरच्या कचऱ्यात टाकायची नाही आणि योग्य माणसाच्या हाती द्यायची.

काढताना गाडी बंद, हातमोजे, डोळ्यांना चष्मा. आधी मायनस सोडवा, मग प्लस. उलटं केलंत आणि प्लस सोडवताना पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर थेट शॉर्ट होतं. बॅटरी निघाली की दोन्ही टर्मिनलवर इन्सुलेशन टेप लावा. गाडी सुरू न करू शकणाऱ्या बॅटरीतही ठिणगी पाडण्याइतका जोर उरलेला असतो.

आता उभी ठेवण्याचं. जाड प्लास्टिकचा टब घ्या, बॅटरी त्यात बसवा, आजूबाजूची फट जुन्या चिंध्यांनी घट्ट भरा आणि टब दोरीने डिकीतल्या हुकाला बांधा. 'आमची सीलबंद आहे, सांडत नाही' असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. माझीही मेंटेनन्स-फ्रीच होती. वायू बाहेर जायला तिलाही बारीक छिद्रं असतात, आणि जुन्या बॅटरीच्या डब्याला चीर असली तर ती वरून दिसतही नाही. बॅटरी उतरली की आतलं ॲसिड पातळ होतं, पण ते गंधकाम्लच असतं. दुकान दोन गल्ल्या पलीकडे असलं तरी बांधा. स्पीडब्रेकर दोन गल्ल्यांतही असतो.

सोबत खायच्या सोड्याचा पुडा आणि पाण्याच्या दोन बाटल्या ठेवा. सांडलंच तर सोडा टाका, फसफसणं थांबेपर्यंत टाकत राहा. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरकडे जा.

वजन कमी व्हावं म्हणून ॲसिड गटारात ओतून रिकामी बॅटरी नेणारे लोक मी पाहिले आहेत. हे करू नका. त्या ॲसिडबरोबर शिसं जातं. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं, आणि शिसं पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येतं. पण ते अवघ्या ३२७ अंशांना वितळतं, म्हणून परसातल्या कोळशाच्या भट्टीवरही वितळवणारे निघतात. धूर आणि धूळ आसपासच्या अंगणांत बसते, रांगती मुलं तीच बोटं तोंडात घालतात. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोय-सुर-मेर वस्तीत २००७-०८ साली जुन्या बॅटऱ्यांच्या शिशाने १८ मुलं दगावली. दारावरच्या भंगारवाल्याने शंभर-दोनशे जास्त दिले तरी बॅटरी त्याला देऊ नका. त्याच्याकडून ती कुठल्या भट्टीवर जाईल ते तुम्हाला कधीच कळणार नाही. आजूबाजूला बॅटरीचं दुकान नसेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी असलेला रिसायकलर शोधा.

दुकानात बिलावर 'जुनी बॅटरी जमा' लिहून घ्या. नवी बसवताना आधी प्लस, मग मायनस. गाडी सुरू करून बघा, हेडलाइट लावून बघा. घरी आलात की टब सोडा टाकून धुवा, हातमोजे काढायच्या आधी. इन्व्हर्टरची बॅटरी न्यायची असेल तर हेच सगळं, फक्त ती फार जड असते, उचलायला दोघं लागतील. आणि तीही उभी, बांधून.